भिंतीवरचा एसी

माझ्या भावाच्या बैठकीत जो एसी लागला होता, त्याच्या पोटात काही नव्हतं. मोटर नाही, जाळी नाही, साधी वायरसुद्धा नाही. नुसतं पांढरं प्लॅस्टिकचं खोकं. शोरूममध्ये गिऱ्हाइकाला दाखवायला कंपन्या असं रिकामं खोकं देतात, त्याला डमी म्हणतात. तो डमी माझ्या भावजयीनं, प्रेमलतानं, बैठकीच्या भिंतीवर ठोकून घेतला, त्याच्या बाजूनं प्लॅस्टिकची वेल सोडली, अन् मला मुद्दाम बोलावून विचारलं, "कसा दिसून राहिला ताई?"

मी म्हटलं, "अगदी तुझ्यासारखा."

तिला वाटलं मी तारीफ केली. खुशीत तिनं मला चहा पाजला.

मी वच्छला. पांढुर्ण्यात पोस्टातून रिटायर झाली. माझ्या जिभेला हाड नाही असं सगळी गल्ली म्हणते अन् बरोबरच म्हणते. श्रीकांत माझ्या पाठचा. आई लवकर गेली, म्हणून त्याचं नाक मीच पुसलं, शाळेत मीच नेलं, अन् मारही मीच दिला. तेव्हा त्याच्याबद्दल बोलायचा हक्क मला आहे. कोणाला झोंबत असेल त झोंबू द्या.

शाळा बुडवून हा पोट्टा जायचा कुठं? रेल्वे गेटजवळ एक कूलरवाला बसायचा, त्याच्या टपरीवर. पुढं तिथंच यानं स्वतःची टपरी टाकली. आमच्याकडचा उन्हाळा ज्यानं काढला त्यालाच माहीत, कूलर बंद पडला की माणसाचा जीव कासावीस होतो. चैत्र लागला की अर्धं गाव हातात पंप घेऊन श्रीकांतच्या टपरीसमोर. सावरगाववाले नदी ओलांडून यायचे. हा जमिनीवर फतकल मारून बसलेला, हात काळे, बनियान ओलं, अन् तोंडानं शीळ. काम करताना शीळ घालायची त्याची सवय. दुरून शीळ ऐकू आली की मी समजायची, माझा भाऊ मजेत आहे.

मग धंदा वाढला. टपरीचं दुकान झालं, दुकानाचं शोरूम झालं. काचेचं दार, आत टीव्हीच टीव्ही, फ्रिजच फ्रिज. त्यात प्रेमलता घरात आली. आली तशी तिनं पहिलं काम काय केलं असेल, त श्रीकांतची पाना-पेचकसची, अवजारांची थैली माळ्यावर टाकली. "मालकाला शोभते का हे?" म्हणे. श्रीकांतनं इस्त्रीचे शर्ट घालणं सुरू केलं अन् शीळ घालणं बंद केलं. आता मालक माणूस शीळ कसा घालणार बाप्पा!

अन् मग ते दिवस आले. मंदी म्हणा, मोबाइल म्हणा, काय म्हणायचं ते म्हणा. लोक शोरूममध्ये यायचे, टीव्हीवर हात फिरवून पाहायचे, तिथल्या गारव्यात घाम वाळवायचे, अन् घरी जाऊन मोबाइलवरून तोच टीव्ही मागवायचे. वर आणखी श्रीकांतलाच फोन करायचे, "भाऊ, भिंतीवर लावून द्यायला माणूस पाठवता का?" लाज नावाची वस्तू मोबाइलवर मिळत नसावी. दसऱ्याच्या सुमाराला शोरूमचं शटर पडलं ते पडलंच. कंपन्या आपापला माल घेऊन गेल्या. हा डमी मात्र कोणी नेला नाही. रिकामं खोकं कोण नेते?

शटर काही एकट्या श्रीकांतचं पडलं नव्हतं. त्याच ओळीतला कापडवाला होता, त्याचंही पडलं. पुढच्याच महिन्यात तो बाजारात गाऊन अन् टॉवेलचा ठेला घेऊन उभा. मी त्याच्याकडून टॉवेल घेतला. तो हसून म्हणाला, "ताई, कापड तेच आहे, छप्पर तेवढं गेलं." मला त्याची दया नाही आली. तो माणूस उभा होता.

माझा भाऊ बसला. तेच माझं दुखणं. शोरूम गेलं त्याचं मला एवढंसंही वाईट वाटलं नाही, खरंच सांगते. काच अन् दिवे होते, गेले. पण हा पलंगावर पडला तो उठेचना. दाढी वाढली. बाहेर जायचं म्हटलं की याचं डोकं दुखायचं. दिवसभर छातीवर मोबाइल. त्यात कोणीतरी कोटवाला माणूस ओरडत असायचा, "मानसिकता बदला! उठा! पैसा जातो, विचार राहतात!" अन् हा ते पडून ऐकायचा. एक संपला की दुसरा लावायचा. उठा म्हणून सांगणाऱ्या माणसाला इतकं मन लावून आडवं पडून ऐकणारा मी दुसरा पाहिला नाही.

मी त्याला सांगून सांगून थकली. "श्रीकांत, ती थैली काढ. हात त कोणी जप्त करून नेले नाही नं तुझे?"

तो म्हणायचा, "ताई, ज्यांना मी फ्रिज विकले त्यांच्या घरी जाऊन आता कूलर खोलू? लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणतील कूलर चालू झाला. दुसरं काय म्हणतील?"

मग तो भिंतीकडे तोंड करायचा. घर चालायचं ते ऋतुजाच्या पगारावर. ऋतुजा त्याची मुलगी, एकुलती एक, खासगी शाळेत विज्ञान शिकवते. ती आईवरही गेली नाही अन् बापावरही, माझ्यावर गेली असं मी म्हणते. तिनं बापाला साधं सरळ सांगून पाहिलं, "बाबा, पुढच्या खोलीत एक टेबल टाकू. मी शाळेतून आली की मदत करीन." त्यावर प्रेमलता कडाडली, "शोरूमवाल्याच्या बैठकीत भंगार मांडायचं का? मुलीचं लग्न व्हायचं आहे माझ्या!"

अन् ते लग्नच मधात आलं. रामाकोन्याला एका लग्नात सौंसरच्या मीनाबाईंनी ऋतुजाला पाहिलं. मीनाबाईंचे यजमान यशवंतराव, सरकारी नोकरीतून रिटायर. मुलगा कुलदीप, बोरगावला कंपनीत सुपरवायझर. मीनाबाईंनी विचारलं, मुलगी कोणाची? कोणीतरी सांगितलं, पांढुर्ण्याच्या शोरूमवाल्यांची. प्रेमलता बाजूलाच उभी होती. तिनं काही 'शोरूम होतं, आता नाही' असं सुधरवलं नाही. गोड हसली. झालं, ऐन मे महिन्यात सौंसरवाले मुलगी पाहायला येतो म्हणाले.

त्याच्यानंतर प्रेमलताच्या अंगात जे आलं ते तुम्हाला काय सांगू! घरचा सोफा दिवाळीच्या आधीच विकला होता, म्हणून माझा सोफा नेला. फ्रिज विकला होता, माझा फ्रिज नेला. भर दुपारी हातठेल्यावर माझा फ्रिज उभा, मागून प्रेमलता छत्री घेऊन. छत्री स्वतःवर नाही हो, फ्रिजवर. सगळ्या गल्लीनं पाहिलं. माझं दूध शेजारणीच्या घरी गेलं. पडदे एकीचे, कपबशा दुसरीच्या. अन् शेवटी माळ्यावरून तो डमी खाली आला अन् भिंतीवर चढला.

मी कशाला दिलं म्हणाल, एवढी तोंडाळ आहे त? देणार नव्हतीच. पण श्रीकांत स्वतः माझ्या घरी आला. कितीतरी महिन्यांनी घराबाहेर पडला होता. दाढी केलेली, हनुवटीला कापलेलं. म्हणाला, "ताई, एवढं जमू दे. तोंड दाखवायला जागा राहील मला. तू फक्त त्या दिवशी काही बोलू नको." माझा जीव तुटला. माझा भाऊ उठला होता खरा, पण कशासाठी? तर रिकामं खोकं लपवायला. मी शब्द दिला. शब्द देताना माझ्या अंगाचा तिळपापड होत होता, ते वेगळं.

सौंसरवाले आले. वेळ कोणती निवडली, भर दुपारची. बाहेर ऊन असं की डांबर चपलेला चिकटे. यशवंतराव धिप्पाड माणूस, पांढऱ्या सफारीत, डोक्याला रुमाल. मीनाबाई जरीच्या साडीत, मेकअप वाहून गळ्यापर्यंत आलेला. कुलदीप बारीक, गोरा, बोलायला मोजकाच. आले, माझ्या सोफ्यावर बसले. मीनाबाईंची नजर फिरली. फ्रिजवरून पडद्यावर, पडद्यावरून कपबशीवर, अन् तिथून सरळ वर, एसीवर. मी तो चेहरा ओळखते. पोस्टात पार्सल हातात घेतल्यावर लोक आधी वजन करून पाहतात, तसा.

"बरं आहे हो घर," मीनाबाई म्हणाल्या. "शोरूमवाल्यांचं घर दिसून पडते." मग पदरानं वारा घेत म्हणाल्या, "जरा एसी लावता का? जीव चालला माझा. आम्हाला घरी सवय आहे नं एसीची."

आता घ्या! एवढा मोठा बेत केला, सोफा आणला, फ्रिज आणला, पडदे आणले, पण मे महिन्यात पाहुणा एसी लावा म्हणेल, हे त्या माझ्या भावजयीच्या डोक्यात आलं नव्हतं! तिच्या हिशेबी एसी ही पाहायची वस्तू. तिनं श्रीकांतकडे पाहिलं. श्रीकांतनं चपलेकडे पाहिलं. मी माझ्या शब्दाला मनातल्या मनात शिव्या दिल्या.

"हो हो, लावते नं," असं म्हणत प्रेमलता उठली अन् श्रीकांतला डोळ्यानं आत बोलावलं. दोघं आत गेले. अन् लगेच खट्ट झालं. पंखा हळू हळू होत थांबला. माझ्या फ्रिजचा आवाज बंद झाला.

प्रेमलता बाहेर येऊन म्हणाली, "पाहा बरं, आत्ताच लाईट जायची होती!"

मी कपाळावर हात मारणार होती, तो डोक्याचा घाम पुसला असं दाखवलं. या बाईनं मेन स्विच पाडला होता. एक खोटा एसी वाचवायला तिनं खरा पंखा बंद केला. याला काय म्हणावं? माणसाची बुद्धी एवढी नासू शकते यावर मी डोळ्यानं पाहिलं नसतं त विश्वास ठेवला नसता.

बसलो मग सगळे त्या भट्टीत. गप्पा काय सुचणार? शेजारच्या घराचा कूलर घरघरत होता, तो आम्हाला सगळ्यांना ऐकू येत होता. कुलदीपनं कान टवकारले. "बाजूची लाईट त आहे," तो म्हणाला.

"त्यांचा फेज वेगळा आहे," प्रेमलता म्हणाली.

समोरच्या घरात टीव्ही लागलेला. "अन् समोरची?"

"त्यांचाही वेगळाच आहे."

सगळ्या पांढुर्ण्याचा फेज वेगळा अन् आमचाच काय तो जगावेगळा! श्रीकांत इस्त्रीच्या शर्टात घामानं भिजला होता अन् माझ्याकडे बिलकूल पाहत नव्हता. ज्याच्या नावानं एके काळी गावात कूलर चालायचे, तो स्वतःच्या घरात पाहुण्यांना उकडत ठेवून बसला होता. मला हसू येत होतं अन् रडूही येत होतं, अन् शब्द दिल्यामुळं दोन्ही गिळून बसावं लागत होतं.

प्रेमलतानं आइसक्रीम आणून ठेवलं होतं, माझ्या फ्रिजमध्ये. लाईट नाही म्हटल्यावर फ्रिज उघडायची सोय नाही, उघडावं त वितळते, न उघडावं तरी वितळते. तिनं संत्रा बर्फी पुढं केली. त्या उकाड्यात बर्फी कोणाच्या घशाखाली उतरणार? यशवंतरावांनी तुकडा तोंडात घातला अन् तसेच थांबले. चेहरा पांढरा पडला. डोळे फिरल्यासारखे करून ते मागं टेकले.

"अहो!" मीनाबाई किंचाळल्या. "अहो, काय होऊन राहिलं तुम्हाला?"

तेवढ्यात ऋतुजा सरबताचा ट्रे घेऊन आली. साडीत, केसात मोगरा, आईनं सांगितलं तशी खाली मान घालून. तिनं यशवंतरावांकडे पाहिलं, ट्रे माझ्या मांडीवर ठेवला, अन् सरळ आत गेली. खट्ट. पंखा फिरायला लागला.

"आली बाई लाईट!" मीनाबाई म्हणाल्या. "लावा आता एसी, लवकर लावा."

ऋतुजा दारात उभी होती. "काकू, तो लागत नाही. त्याच्यात काहीच नाही. दुकानात ठेवायचा आहे तो, दिखाव्याचा. दुकानही बंद झालं आहे, दसऱ्यापासून. लाईट गेली नव्हती, आम्ही बंद केली होती. माफ करा." एवढं बोलून ती मागच्या खोलीत गेली अन् घरचा जुना कूलर ढकलत ढकलत घेऊन आली. चाकं कुरकुरत होती.

मी उठून यशवंतरावांच्या डोक्यावर पाणी मारलं, सरबत पाजलं. कूलर लावला. लावला त काय, नुसती गरम हवा! पंप पाणी उचलेना. घरात कूलरवाला असून त्याच्याच घरचा कूलर बंद, कारण त्यानं सालभर त्याला हात लावला नव्हता.

मी म्हटलं, "श्रीकांत, ऊठ."

"बसा हो तुम्ही," प्रेमलता दात आवळून म्हणाली. "मेकॅनिक बोलवू."

इथं माझा शब्द गेला खड्ड्यात. "मेकॅनिक? मेकॅनिक समोर बसला आहे तुझ्या, इस्त्रीचा शर्ट घालून! सोफा माझा, फ्रिज माझा, पडदे लोकांचे, एसी पोकळ. या खोलीत तुमची स्वतःची म्हणावी अशी एकच वस्तू आहे, ती म्हणजे याचे हात. अन् तेच लपवून राहिली तू! श्रीकांत, समोर माणूस घाबरा झाला आहे. आता तरी उठशील की मी तुझ्या मोबाइलमधल्या त्या कोटवाल्याला बोलावू?"

फार बोलली. श्रीकांत माझ्याकडे पाहत राहिला. मग तो उठला. आत गेला, स्टूल सरकवल्याचा आवाज आला, अन् ती थैली घेऊन बाहेर आला. शोधावी लागली नाही त्याला. कुठं आहे ते त्याला बरोबर ठाऊक होतं.

तो जमिनीवर बसला, फतकल मारून, मीनाबाईंच्या पायाशी. कूलरची वाळ्याची ताटी काढली. पंप बाहेर घेतला. आमच्या पाण्याचा क्षार भरला होता त्यात, पांढरा थर. तो खरवडायला लागला. शर्टाची बाही काळी झाली, त्याचं लक्ष नाही. कुलदीप उठून पुढं आला अन् म्हणाला, "काका, ताटी धरू का मी?"

"कुलदीप!" मीनाबाई कडाडल्या. "शर्ट खराब होईल. बस तू."

अन् तो बसला. धडधाकट पोट्टा, आईनं बस म्हटलं त बसला. ताटी ऋतुजानं धरली, साडीचा पदर खोचून. तिनं कुलदीपकडे एकदा पाहिलं, बस, एकदाच.

मग शीळ आली. आधी मला वाटलं बाहेरून येऊन राहिली. श्रीकांत घालत होता. त्याला स्वतःलाही माहीत नसावं. पंप बसवला, बटण दाबलं, ताटीवरून पाणी झिरपायला लागलं अन् वाळ्याचा वास खोलीभर झाला. गार हवा सुटली. सगळ्यात आधी उठून कूलरसमोर कोण बसलं असेल? मीनाबाई. यजमानाला बाजूला सारून.

यशवंतराव सावध झाले. चहा घेऊन, ऊन उतरल्यावर मंडळी गेली. दुसऱ्या दिवशी सकाळीच मीनाबाईंचा फोन. प्रेमलता उचलायला धजेना, म्हणून मीच उचलला.

"मुलगी छान आहे हो तुमची," मीनाबाई म्हणाल्या. "पण जमायचं नाही."

मी म्हटलं, "बरोबर आहे. आम्ही खोटं बोललो. राग येणारच."

"छे छे, त्याचं काही नाही! एसीचं काय एवढं, पाहुणे येणार म्हटल्यावर कोणीही घर सजवते. पण मुलीचे वडील असे आमच्यासमोर जमिनीवर बसून पाने फिरवून राहिले, हात काळे करून. अन् शीळ घालत होते हो! आमच्या नात्यागोत्यात काय सांगायचं, व्याही मेकॅनिक आहे म्हणून?"

ऐकलं का? खोटं चाललं बाईंना. लाईट बंद करून त्यांच्या नवऱ्याला भाजून काढलं, तेही चाललं. ज्या हातांनी त्यांना गार हवा दिली, ते हात चालले नाहीत. मी पोस्टात इतकी वर्षं काढली, तऱ्हेतऱ्हेचे लोक पाहिले, पण इतक्या गोड आवाजात इतकं सडकं बोलणं क्वचित ऐकलं. मी म्हटलं, "मीनाबाई, त्या हवेत सगळ्यात जास्त तुम्हीच बसल्या होत्या." अन् फोन ठेवून दिला.

प्रेमलता रडली. मला बोलली, मुलीला बोलली, श्रीकांतला बोलली. "तुमच्या त्या शिळेनं घात केला माझ्या पोरीचा!" मी भावाकडे पाहत होती. मला एकच भीती, हा पुन्हा पलंगाकडे जाईल, भिंतीकडे तोंड करील. तसं झालं असतं त माझाच दोष होता, मीच त्याला चारचौघांत उघडा पाडला होता. श्रीकांत खरंच उठून पलंगाकडे गेला. त्यानं उशीखालचा मोबाइल घेतला, खिशात टाकला, अन् स्टूल ओढून भिंतीवरचा डमी उतरवायला लागला.

"आता तो कशाला काढता?" प्रेमलता रडता रडता म्हणाली. "दुसरे पाहुणे येतील त लागेल."

"लागेलच," श्रीकांत म्हणाला.

त्यानं ती प्लॅस्टिकची वेल तोडून फेकली. ऋतुजानं शाळेतला मार्कर आणला. पांढऱ्या, गुळगुळीत खोक्यावर तिनं तिच्या फळ्यावरच्या अक्षरात मोठं लिहिलं: कूलर, पंखे, मिक्सर दुरुस्त होतील. श्रीकांत इलेक्ट्रिकवाले. अन् बापलेकीनं तो डमी नेऊन बाहेर फाटकावर लटकवला. पहिल्यांदा त्या खोक्याचा कोणाला काही उपयोग झाला.

माझा सोफा परत आला, माझा फ्रिज परत आला, तसेच दिवसाढवळ्या. बैठकीत सतरंजी अन् टेबल. लोक काय म्हणाले? काही नाही. "बरं झालं भाऊ, सुरू केलं," म्हणत पंप घेऊन आले. ज्यांनी मोबाइलवरून फ्रिज मागवले होते, तेही आले. त्यांना मी दारातच दोन शब्द ऐकवते. श्रीकांत म्हणतो, "ताई, गिऱ्हाइकं पळवशील." मी म्हणते, "पळत नाहीत. उकाडा आहे." प्रेमलता अजून तोंड पाडून असते, पण परवा एका बाईला सांगताना ऐकलं मी, "आमच्या ह्यांच्यासारखा पंप कोणी दुरुस्त करत नाही." बैठकीत भंगार म्हणणारी ही!

अन् कालची गोष्ट. मी तिथंच भाजी निवडत बसली होती. फाटक वाजलं. पाहते त यशवंतराव! सौंसरहून बसनं आलेले, काखेत कापडी पिशवी. पिशवीत कूलरचा पंप, वर साडीच्या दुकानाची आणखी एक थैली गुंडाळलेली, कोणाला दिसू नये म्हणून. सोफा नव्हता, स्टूलवर बसले. बाजूला दोन गिऱ्हाइकं आधीची.

"तिकडच्या माणसानं दोनदा खोलला, पण पाणीच उचलत नाही," ते म्हणाले. "तुमच्या इथं त्या दिवशी काय हवा लागली होती, श्रीकांतराव!"

मी विचारलं, "काहून? तुमच्याकडे त एसी आहे नं?"

ते कसनुसं हसले. "आहे नं. चांगला कंपनीचा आहे. पण बिल येते ताई त्याचं. पाहुणे आले की लावतो. एरवी आम्ही आपले कूलरातच."

मी हातातली मेथी खाली ठेवली. म्हणजे एक एसी पांढुर्ण्याच्या भिंतीवर पोकळ, अन् एक सौंसरच्या भिंतीवर खरा, अन् थंडावा दोघांतूनही नाही! मी तोंड उघडणार, तेवढ्यात ते घसा खाकरून पुढं बोलले.

"आमच्या घरच्यांचा राग उतरला आहे. मुलगी मनातून जात नाही म्हणते. कुलदीपही हो म्हणतो आहे. तुम्ही लोक एकदा घर पाहायला या. फक्त... ते फाटकावरचं तेवढं लग्नापुरतं काढता आलं तर पाहा."

आतून प्रेमलता धावतच दारापर्यंत आली. तिच्या तोंडाकडे पाहून मी समजली, ही आता हो म्हणते. श्रीकांतचा हात पंपावर थांबला. त्यानं ऋतुजाकडे पाहिलं. ती शाळेतून येऊन टेबलाशी बसली होती, पंख्याची वायर सोलत. तिनं मान वर केली. अगदी आदरानं, पोरांना समजावते त्या आवाजात ती म्हणाली, "काका, तुमचा पंप गुरुवारी मिळेल. आधीची दोन कामं आहेत."

यशवंतराव समजले. माणूस वाईट नाही, बस म्हटलं की बसायची सवय तेवढी त्याच्या घराला लागलेली आहे. ते उठले, रिकामी पिशवी घडी करून खिशात घातली.

"अन् यशवंतराव," श्रीकांत खालूनच म्हणाला, "पुढच्या वेळी पिशवीत गुंडाळून नका आणू. ओला पंप असा झाकून ठेवला की आतून सडते. उघडा आणत जा."

असं म्हणून त्यानं पाना हातात घेतला अन् शीळ घालायला लागला.